एकवीस दिवसांची विरळणी

परीक्षा आणि आपण यांचे नाते जुने आहे. पण कला शाखेच्या परीक्षेत एक मोठा दिलासा असतो. उत्तर नीट आठवले नाही तरी प्रस्तावना लिहिता येते, चार मुद्दे जुळवता येतात, शेवटी एखादा सुविचारही टाकता येतो. बी.एड.च्या प्रवेशासाठी जी सीईटी द्यावी लागते, तिच्यात ही सोय नाही. प्रश्न १००, वेळ ९० मिनिटे, प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय. भागाकार केला तर एका प्रश्नाच्या वाट्याला ५४ सेकंद येतात. आपली तर नुसती प्रस्तावनाच पाच मिनिटे चालते!

हा घाईचा कारभार काही आपल्याकडे जन्मला नाही. १९१७ साली, पहिल्या महायुद्धात, अमेरिकेला लाखो रंगरुटांची झटपट वर्गवारी करायची होती. तेव्हा एकदम शेकडो माणसांची घेता येईल अशी बुद्धिचाचणी तयार झाली. त्या कामात असलेल्या कार्ल ब्रिगम यांनी पुढे महाविद्यालयीन प्रवेशासाठी चाचणी रचली. १९२६ साली ती प्रथम झाली, तेव्हा ९७ मिनिटांत ३१५ प्रश्न होते. त्या मानाने आपले सीईटीवाले दयाळूच म्हणायचे.

माझ्या हाती परीक्षेपूर्वी एकवीस दिवस होते. जास्त का नव्हते, हे पिंपळगाव बसवंतच्या माणसाला समजावून सांगायला नको. द्राक्षांची काढणी सुरू झाली की घरात जेवढे हात तेवढे बागेत लागतात. त्यातून यंदा अवकाळी पावसाने मणी तडकले. दादा एका रात्री जेवताना म्हणाले, “नाशकात नंबर लागला तर खुशाल जा. एसटीचं अर्धं तिकीट आहे, भागेल. लांब लागला तर होस्टेलचा खर्च औंदा झेपायचा नाही, पोरी.” त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते अधिक लागले. बी.एड. २०१५ पासून दोन वर्षांचे झाले आहे. दोन वर्षे होस्टेल म्हणजे किती, हा हिशेब मलाही येत होता. म्हणजे मला नुसते पास व्हायचे नव्हते, जवळचे कॉलेज मिळेल इतके वर यायचे होते.

पहिल्याच दिवशी घड्याळ लावून एक सराव प्रश्नपत्रिका सोडवली. ७२ प्रश्नांपर्यंत पोहोचले, बरोबर आले ४७. इतिहासाच्या सरांना दाखवले. ते म्हणाले, “आता नवे पुस्तक उघडू नका. जे सोडवले नाही ते आधी वाचा.” वाचले, तर न सोडवलेले २८ प्रश्न शिक्षक अभियोग्यतेचे, म्हणजे सगळ्यांत सोपे! ते छापले होते शेवटी, आणि सगळा वेळ आधीच्या अंकमालिकांनी खाल्ला होता.

या परीक्षेत बौद्धिक क्षमतेचे ४०, सामान्य ज्ञानाचे ३० आणि शिक्षक अभियोग्यतेचे ३० प्रश्न असतात. कोणता भाग आधी घ्यायचा ते आपल्या हाती असते. मी क्रम उलटा केला. अभियोग्यतेला १५ मिनिटे. सामान्य ज्ञानाला १० मिनिटे, कारण तेथे उत्तर येते किंवा येत नाही, विचार करून आठवत नाही. उरली ६५ मिनिटे, ती ४० प्रश्नांना. आता एका प्रश्नाला दीड मिनिटाहून थोडे अधिक मिळू लागले. एक अक्षरही न वाचता अंकमालिका जरा माणसाळल्या.

मग अभ्यासाची विरळणी. आपल्याकडे गोडी छाटणीनंतर घडात दाटी झाली की बाया कात्रीने मणी कमी करतात. लहान असताना मला ते पाहून हळहळ वाटे. एवढे चांगले मणी खाली टाकायचे? पण ते टाकले नाहीत तर उरलेले फुगत नाहीत. सामान्य ज्ञान हा समुद्र आहे. तीन आठवड्यांत तो कोणाच्याने पिऊन होणार? तो मी रोजच्या वर्तमानपत्रावर सोपवला. बौद्धिक चाचणीचे प्रकार मात्र मोजके असतात: अंकमालिका, सांकेतिक भाषा, दिशा, नातेसंबंध, दिनदर्शिका. दोन दिवसांना एक प्रकार, रात्री दीड तास. उरलेल्या दिवसांत सराव प्रश्नपत्रिका. न येणाऱ्या प्रश्नावर खूण करून पुढे जायचे, आणि शेवटची दोन मिनिटे राखून एकही प्रश्न कोरा ठेवायचा नाही. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. चारांतला एक पर्याय नुसता अंदाजाने निवडला तरी वीस प्रश्नांमागे सरासरी पाच गुण पदरात पडतात.

शेवटच्या सरावात ६३ आले. सोळा गुणांपैकी विद्येचे किती आणि युक्तीचे किती, हा प्रश्न मात्र मला सोडेना. अभियोग्यतेच्या भागात विचारतात: एक मुलगा रोज उशिरा येतो, तुम्ही काय कराल? चार पर्यायांतला योग्य पर्याय मला तीस सेकंदांत सापडतो. पण काढणीच्या दिवसांत उशिरा येणाऱ्या मुलाच्या हाताला द्राक्षाचा चीक असतो, हे त्या पर्यायांत नसते. ते मला ठाऊक आहे, आणि त्याला गुण नाहीत.

तरीही या परीक्षेवर माझा राग नाही. तिने दार उघडावे, एवढीच तिच्याकडून अपेक्षा. आत गेल्यावर कसे शिकवायचे ते तिला विचारायचे नाही. मित्रमैत्रिणींनो, पुढच्या वर्षी तुमच्यापैकी अनेकजण याच घाईत असतील. दिवस कमी आहेत म्हणून घाबरू नका. आधी आपण कुठे थांबतो ते पाहा, आणि काय सोडायचे ते ठरवा.

हा अंक छापून येईल तेव्हा निकाल लागलेला असेल. दादा तोवर एप्रिलच्या खरड छाटणीच्या तयारीला लागले असतील.