खोडवा

झाड तोडणं म्हणजे पाप, हे आपल्यातल्या बहुतेकांच्या मनावर लहानपणीच ठसलेलं असतं. शाळेच्या भिंतीवर ‘झाडे लावा, झाडे जगवा’ असं रंगवलेलं असायचं, आणि सावलीच्या झाडावर कुऱ्हाड चालवणाऱ्याला घरचे म्हातारे सरळ शिव्याच घालायचे. त्यामुळे इंग्लंडातल्या एखाद्या जुन्या रानात हिवाळ्यात गेलं आणि जमिनीपासून जेमतेम चार बोटं वर कापलेले शेकडो बुंधे दिसले, की मराठी माणसाचा जीव कळवळतो. आमच्याकडे येणारे पाहुणे हमखास म्हणतात, “अरेरे, एवढी झाडं मारलीत?” त्यांना मी सांगतो की ही झाडं मारलेली नाहीत. उलट, ती कापतात म्हणूनच जिवंत आहेत. हे चहाच्या एका कपात पटत नाही, म्हणून हा लेख.

या पद्धतीला इथे ‘कॉपिसिंग’ म्हणतात. हेझल, ॲश, स्वीट चेस्टनट, हॉर्नबीम, विलो अशी रुंद पानांची झाडं बुंध्याशी कापली, तर सालीखाली झोपलेले डोळे जागे होतात आणि वसंतात एकाच बुंध्यावर दहा-वीस फुटवे उभे राहतात. मुळं जुनी, खोल गेलेली आणि अन्नानं भरलेली. त्यामुळे हे फुटवे रोपापेक्षा कितीतरी जोरानं वाढतात. हेझल सात ते दहा वर्षांनी पुन्हा कापायला येतं, चेस्टनट आणि ॲशला त्याच्या दुप्पट वेळ लागतो. पाइन, स्प्रूस यांसारखी सूचीपर्णी झाडं मात्र बहुधा अशी फुटत नाहीत. ती कापली की संपलीच.

आमच्या सौ. कराडच्या. त्यांनी पहिल्या वर्षी हे फुटवे पाहिले आणि म्हणाल्या, “अहो, यात काय नवल? हा तर खोडवा!” ऊस तोडला की त्याच्या खोडातून दुसरं पीक येतं, नवी लागण करावी लागत नाही, हे त्यांनी लहानपणापासून पाहिलेलं. मी कोकणातला, मला आठवली कवळतोड. भाताच्या रोपांसाठी राब भाजायचा, म्हणून ऐन-किंजळाच्या फांद्या छाटायच्या. झाड ठेवायचं आणि पुढच्या खेपेला त्याच झाडाकडे परत यायचं. म्हणजे कल्पना आपल्याला परकी नाही. फक्त इथे ती बुंध्यापर्यंत खाली आणलेली आहे, आणि तिच्या जोरावर कोळसा सर्वत्र पोचेपर्यंत अनेक शतकं घरं गरम राहिली.

किती जुनी आहे ही रीत? सॉमरसेटच्या दलदलीत ‘स्वीट ट्रॅक’ नावाची एक लाकडी पायवाट सापडली. झाडांच्या वर्षकड्यांवरून तिचं लाकूड इ. स. पूर्व ३८०७-३८०६ च्या सुमाराचं ठरलं, आणि तिच्यातल्या लांब सरळ काठ्या अशाच फुटव्यांच्या असाव्यात असं मानतात. सफोकमधल्या ब्रॅडफील्ड वुड्समध्ये तर १२५२ पासून आजवर ही तोड चालू असल्याची नोंद आहे. तिथले काही ॲशचे बुंधे हजार वर्षांचे असावेत, असा अंदाज आहे. न कापलेलं ॲशचं झाड साधारण दोन-अडीचशे वर्षांत म्हातारं होतं. ग्लॉस्टरशरमधल्या वेस्टनबर्ट इथला लाइमचा एक बुंधा दोन हजार वर्षांचा असेल म्हणतात, आणि तो २०१२ मध्ये पुन्हा एकदा कापला गेला. केंब्रिजचे ऑलिव्हर रॅकहॅम (१९३९-२०१५) यांनी आयुष्यभर अशी रानं पालथी घालून हेच दाखवलं की, इथलं जुनं रान कुऱ्हाडीमुळे नष्ट झालं नाही. ज्या रानाचा माणसाला उपयोग होता, ते टिकलं.

केंटमध्ये आमचं रान आहे दीड एकर, म्हणजे साठ गुंठे. त्याचे आठ तुकडे पाडलेत, प्रत्येकी साडेसात गुंठ्यांचे. दर हिवाळ्यात एका तुकड्यातलं हेझल कापायचं. ॲश आणि चेस्टनट एक फेरा सोडून, म्हणजे सोळा वर्षांनी. मधूनमधून ओकची मोठी झाडं आहेत, त्यांना हात लावायचा नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा तोडीचा काळ. पानं गळलेली असतात आणि अन्न मुळांत उतरलेलं असतं. मार्चपासून पक्षी घरटी बांधू लागतात, तेव्हा हत्यारं बंद. काप थोडा तिरका घ्यायचा, म्हणजे पावसाचं पाणी बुंध्यावर साचत नाही. अंगठ्याएवढ्या काठ्यांना ‘बिलहुक’ लागतं. हे हत्यार म्हणजे आपल्या कोयत्याचा सख्खा भाऊ; मी तर त्याला कोयताच म्हणतो. हरणं आणि ससे कोवळे फुटवे फस्त करतात, म्हणून बारीक फांद्यांचा ढीग बुंध्यावरच झाकून ठेवायचा. कुठे जागा रिकामी राहिली, तर शेजारच्या हेझलची लांब काठी वाकवून मातीत गाडायची, मुळं धरली की वेगळी करायची. हे आपलं दाबकलमच!

तुकडा कापला की जमिनीवर ऊन पडतं. दुसऱ्या-तिसऱ्या वसंतात तिथे प्रिमरोझ आणि ब्लूबेल अशी उसळतात, की वर्षानुवर्षं ती त्या अंधारात कशी राहिली असतील याचं आश्चर्य वाटतं. कँटरबरीजवळच्या ब्लीन वुड्समधलं ‘हीथ फ्रिटिलरी’ हे दुर्मीळ फुलपाखरू तर अशा ताज्या तोडीवरच जगतं. तोड थांबली की तेही जातं.

लाकडाचा हिशेबही सांगतो. हिरव्या लाकडाचं निम्मं वजन कित्येकदा पाण्याचंच असतं. ते जाळलं तर आच पाण्याची वाफ करण्यात जाते, आणि उरतो धूर व धुराड्यातला डांबरासारखा थर. म्हणून फोडून, वर छप्पर आणि बाजूंनी वारा ठेवून, निदान दोन उन्हाळे वाळवायचं. ओलावा वीस टक्क्यांच्या खाली आला, की एका किलोतून साधारण चार युनिट उष्णता मिळते. बऱ्यापैकी स्टोव्ह त्यातली तीन खोलीत देतो. ओलावा मोजायचं छोटं यंत्र मिळतं. ओंडका नव्यानं फोडून आतल्या बाजूला टोचायचं, बाहेरून नाही. इंग्लंडमध्ये १ मे २०२१ पासून दोन घनमीटरपेक्षा कमी सरपण विकायचं असेल, तर ते वीस टक्क्यांच्या आत वाळलेलं असणं कायद्यानं सक्तीचं आहे. शहरात राहणाऱ्यांनी आपला भाग धूरनियंत्रण क्षेत्रात येतो का, हे आधी पाहावं. आमचं सगळं घर काही लाकडावर चालत नाही. पण बैठकीच्या खोलीत संध्याकाळचा स्टोव्ह नोव्हेंबर ते मार्च आमच्याच रानावर पेटतो.

आता यंत्रांकडे वळतो, कारण मंडळात मला विचारले जाणारे निम्मे प्रश्न झाडांचे नसून “मोअर सुरू होत नाही हो” असे असतात. ज्यांनी तिकडे टू-स्ट्रोक स्कूटर चालवली आहे, त्यांना चेनसॉ कळायला वेळ लागत नाही. तेच पेट्रोलमध्ये ऑइल मिसळणं, तोच प्लग काढून पुसणं, तीच दोरी ओढताना मनातल्या मनात देवाची आठवण. प्रमाण यंत्राच्या पुस्तिकेत पाहावं. माझ्या चेनसॉला पाच लिटरला शंभर मिलिलिटर ऑइल लागतं.

सुरू न होण्याचं बहुतेक वेळा एकच कारण असतं: शिळं पेट्रोल. सप्टेंबर २०२१ पासून इथलं साधं पेट्रोल ‘ई-टेन’ झालं, म्हणजे त्यात दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं; ते कार्ब्युरेटरात महिनोन्महिने राहिलं, की चिकटा धरतो आणि रबरी नळ्या खराब होतात. म्हणून हंगाम संपला की टाकी रिकामी करावी आणि यंत्र आपोआप बंद पडेपर्यंत चालवावं. मोअरचं ऑइल वर्षातून एकदा बदलावं, एअर फिल्टर झटकावा. पातं काढण्याआधी प्लगची वायर काढून ठेवावी. ही एक सवय अंगवळणी पडली तर बोटं शाबूत राहतात. पातं कानशीनं घासलं, की खिळ्यावर मधोमध टांगून पाहावं. एक बाजू झुकली तर त्या बाजूला अजून थोडं घासावं, नाहीतर सगळं यंत्र थरथरतं.

चेनसॉची साखळी बोथट झाली हे भुशावरून कळतं. धारदार साखळी लाकडाचे कपटे काढते. बोथट साखळी पिठासारखी भुकटी. तेव्हा जोर लावायचा नाही, थांबायचं. गोल कानस साखळीच्या मापाची घ्यायची, प्रत्येक दाताला तीन-चार हात, तेही एकाच दिशेनं, बहुतेक साखळ्यांना तीस अंशांच्या कोनात. बारच्या खाचेतला कचरा काढायचा, ऑइलचं भोक मोकळं करायचं आणि बार अधूनमधून उलटा बसवायचा, म्हणजे दोन्ही कडा सारख्या झिजतात. बॅटरीवरचा चेनसॉ घेतला तरी पेट्रोलचा त्रास तेवढा वाचतो, कानशीतून सुटका नाही. आणि शिरस्त्राण व चेनसॉची खास विजार घातल्याशिवाय तो हातात घ्यायचा नाही, मग एकच फांदी कापायची असली तरी.

माझ्याकडची यंत्रं जुनी आहेत. इतक्या वर्षांत एक गोष्ट दिसली, ती अशी की वापरून यंत्र मोडताना मी क्वचितच पाहिलं. शेडमध्ये तसंच पडून मोडलेली मात्र डझनांनी पाहिली. रानाचंही तेच. विसाव्या शतकात सरपणाची मागणी गेली, माणसं शहरात गेली, आणि फेऱ्यातले बुंधे कापायचे राहिले. फुटवे मोठमोठी खोडं झाले, वरच्या भारानं जुने बुंधे चिरफाळून उन्मळले, खाली अंधार झाला. कुणी त्यांना मारलं नाही. फक्त कुणी परत आलं नाही.

या हिशेबात न बसणारी एक गोष्ट गेल्या काही वर्षांत आमच्या रानात घडते आहे. पूर्व आशियातून आलेली एक बुरशी ॲशला मारते; ब्रिटनमध्ये ती २०१२ मध्ये पहिल्यांदा नक्की झाली. गळलेल्या पानांच्या देठांवर ती वाढते आणि उन्हाळ्यात तिचे बीजाणू वाऱ्यावर येतात. शेंडे वाळतात, फांदीच्या बेचक्यात शंकरपाळ्याच्या आकाराचे काळे डाग पडतात. आमच्याकडे रोग दिसला तेव्हा सहाव्या तुकड्यातल्या ॲशची सोळा वर्षांची पाळी आली होती. जाणकारांचा सल्ला उलटा: कापू नका. कोवळे फुटवेच या बुरशीला सगळ्यात आधी बळी पडतात, आणि फुटवे मेले की बुंध्याची शक्ती संपते. ज्या झाडाला कोयत्यानं हजार वर्षं तारलं, त्याच्यासमोर कोयता खाली ठेवायचा!

मी तो ठेवला. पायवाटेकडचे वाळलेले ॲश तेवढे धंदेवाईक माणसाकडून काढून घेतले, कारण रोगट लाकूड ठिसूळ होतं आणि कसं मोडेल याचा भरवसा नसतो. बाकीचे उभे आहेत. त्यांतले तीन अजून भरगच्च पानांचे आहेत. थोड्या झाडांमध्ये या रोगाला तोंड देण्याची ताकद असते असं दिसून आलं आहे, म्हणून त्यांचं बी पडू देतो आहोत. मेलेल्यांच्या जागी गेल्या दोन हिवाळ्यांत हॉर्नबीम आणि फील्ड मेपलची रोपं लावली. त्यांची पहिली तोड पंधरा-वीस वर्षांनी. मी आता एकोणसत्तर वर्षांचा आहे. ही बेरीज सौ.नी माझ्याआधी करून ठेवली होती.

मुलीला रानाची आवड असेल असं आम्ही कधी धरून चाललो नव्हतो. ती लंडनमध्ये असते, आठवड्याचा एक रविवार तिला मोकळा मिळतो. गेल्या शरदात तिनं आपणहून चेनसॉ चालवण्याचं प्रशिक्षण घेतलं, आणि डिसेंबरात चौथा तुकडा आम्ही दोघांनी मिळून कापला. तोडीची वही मी तिच्याकडे दिली आहे: कुठला तुकडा, कुठल्या हिवाळ्यात, किती बुंधे, कुठे दाबकलम केलं. वही मराठीत आहे. तिला अक्षर लावायला वेळ लागतो, पण लागतं. चौथ्या तुकड्यापुढे तिनं पुढच्या पाळीचं वर्ष स्वतःच्या हातानं लिहिलं, आठ वर्षं मिळवून.