आमची मोटार

मोटार घरी येते त्या दिवशी तिला हार घातला जातो, नारळ फुटतो, पेढे वाटले जातात. पुढे अनेक वर्षे तिच्यासाठी जे करावे लागते, त्याला ना हार असतो, ना पेढा.

आमच्या चिपळूणच्या घरी मारुती आठशे आली ती १९९९ साली. या जातीची पहिली गाडी १४ डिसेंबर १९८३ रोजी दिल्लीत ग्राहकाच्या हाती पडली होती, आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. मधल्या तीस वर्षांत माझ्यासारख्या कितीतरी पगारदारांच्या दारात पहिली मोटार म्हणून हीच उभी राहिली. ७९६ घनसेंटिमीटरचे तीन सिलिंडरांचे इंजिन आणि बारा इंची चिमुकली चाके. दिमाख असा तिच्यात काही नव्हता. आम्हांला तो नकोच होता. वृद्ध आईला डॉक्टरांकडे न्यावे आणि वर्षातून एकदा आंब्याच्या पेट्या कराडला बहिणीकडे पोचवाव्यात, एवढीच तिच्याकडून अपेक्षा होती.

कोकणात मोटारीचा खरा शत्रू अंतर नव्हे, पाणी होय. दरवाज्यांच्या तळाशी पाणी निथळून जाण्यासाठी बारीक छिद्रे ठेवलेली असतात. ती चिखलाने बुजली की पाणी आतच साचते आणि पत्रा आतून गंजू लागतो. बाहेरचा रंग मात्र शेवटपर्यंत झकास दिसतो. पावसाळ्यात दर शनिवारी शाळा सुटल्यावर खराट्याची काडी घेऊन मी ती छिद्रे मोकळी करीत असे. शेजारी हसत. हसोत बापडे!

गाडीसाठी मी एक आखीव वही घातली होती. तेल कधी बदलले, किती किलोमीटर झाले, कोणता भाग किती रुपयांना आला, हे सारे तीत टिपलेले असे. शाळेच्या हजेरीपटाची सवय घरीही उपयोगी पडली. वहीमुळेच ब्रेकच्या द्रवाची आठवण राही. हा द्रव हवेतील ओलावा शोषून घेतो. उतारावर ब्रेक सतत दाबला गेला की तो तापतो, त्यातील पाण्याची वाफ होते आणि पायाखालचा ब्रेक ऐन वेळी पोकळ लागतो. कुंभार्ली घाट उतरणाऱ्याने तरी हे विसरू नये. म्हणून दर दोन वर्षांनी तो द्रव बदलायचा, मग गाडीची काही तक्रार असो वा नसो. आमच्या मेकॅनिकने हे मला प्रथम शिकवले. त्याचे शिक्षण आठवीपर्यंतचे, पण इंजिनाचा आवाज ऐकून तो तिसऱ्या सिलिंडरातला दोष सांगे. भाषा शिकवण्यात आयुष्य गेलेल्या मला असा कान कधी लाभला नाही.

२६ जुलै २००५ रोजी वाशिष्ठीचे पाणी गावात शिरले आणि अंगणातली मोटार बैठकीपर्यंत बुडाली. पाणी ओसरताच जो तो सांगू लागला, "गुरुजी, चालू करून बघा." मेकॅनिक निरोप मिळताच चिखल तुडवीत आला आणि त्याने आधी किल्लीच काढून खिशात घातली. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. सिलिंडरात पाणी असताना इंजिन फिरवले तर आतला पोलादी दांडा वाकतो, हे त्याने तिथेच उभ्या उभ्या समजावले. मग प्लग काढून त्याने इंजिन हाताने फिरवले, तेव्हा भोकांतून गढूळ पाण्याच्या चिळकांड्या उडाल्या. खालून काढलेले तेल दुधाच्या चहासारखे दिसत होते. ते दोनदा बदलले, बैठकी उन्हापावसाच्या लपंडावात पंधरा दिवस वाळवल्या, आणि गाडी पुन्हा बोलू लागली. वास मात्र दिवाळीपर्यंत गेला नाही.

२०१४ साली नोंदणीची पंधरा वर्षे पुरी झाली. पुण्याचा मुलगा म्हणाला, "बाबा, आता विकून टाका. हिला विचारतो कोण?" मी वही त्याच्यापुढे ठेवली. वर्षाचा खर्च नव्या गाडीच्या दोन हप्त्यांइतकाही नव्हता. पर्यावरण कर भरला, तपासणी करून घेतली आणि पाच वर्षांची नोंदणी मिळवली. तरी त्याचे समाधान झाले नव्हते. पुढे २०१९ मध्येही हाच वाद आमच्यात झाला.

२१ जुलै २०२१ च्या संध्याकाळी पाऊस थांबेना, तेव्हा २००५ आठवून मी गाडी गावाबाहेरच्या चढावर नेऊन ठेवली. त्या रात्री पाणी पूर्वीपेक्षाही वर चढले. ते उतरल्यावर शेजारच्या आजींना धाप लागली होती, आणि आमच्या आळीतल्या साऱ्या मोटारी चिखलात होत्या. चढावरची आमची जुनी गाडी पहिल्या फिरकीला चालू झाली. कामथे घाटातून डेरवणच्या रुग्णालयापर्यंत आजी मागच्या बैठकीवर मुलीच्या मांडीवर डोके ठेवून होत्या. आरशात मला त्यांचा चेहरा दिसत होता; बोलत कोणीच नव्हते. आठवड्याने त्या घरी आल्या. खराट्याच्या काडीवरून हसणाऱ्यांत त्या पुढे असत. आता मला पाहिले की, "मास्तर, आज शनिवार ना?" असे विचारतात.

२०२४ साली पुन्हा नोंदणी करून घेतली. सध्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळलेले असते, आणि जुन्या रबरी नळ्यांना ते मानवत नाही, असे मेकॅनिकचे म्हणणे पडले. त्याने दोन नळ्या बदलल्या आहेत. तिसरी चिपळुणात मिळाली नाही. ती बहीण कराडहून पाठवणार आहे.