फ्लॅगस्टोन स्टेशनवरची धून

सर्जिओ लिओनेचा 'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट' (1968) पहिल्यांदा पाहिला, तेव्हा गोळीबारापेक्षा मनात घर करून राहिलं ते फ्लॅगस्टोनचं रेल्वे स्टेशन. जिल, म्हणजे क्लाउडिया कार्डिनाले, गाडीतून उतरते. न्यायला कोणी आलेलं नाही. ती स्टेशनच्या घड्याळाकडे बघते, मग स्वतःच्या. तिच्या नवऱ्याला आणि त्याच्या मुलांना मारून टाकलंय, हे आपल्याला ठाऊक आहे, तिला नाही. तेवढ्यात एन्नियो मोरिकोनेचं संगीत किणकिणत सुरू होतं. ती चालू लागते तसा एडा देलओर्सोचा आवाज तिच्या सोबतीला येतो. ती आत जाते, कॅमेरा बाहेरच थांबून खिडकीतून पाहतो आणि मग छपरावरून वर वर चढत जातो. पलीकडे अख्खं गाव, घोडागाड्या, धूळ, लगबग. वाद्यवृंद असा उसळतो की माझा घसा दाटून आला.

हे संगीत चित्रीकरणाच्या आधीच तयार होतं. लिओने ते सेटवर वाजवायचा, कॅमेऱ्याची क्रेनही त्याच्या चालीनं वर जायची. कार्डिनालेची ती चाल मला म्हणूनच इतकी सुरात वाटत असावी.

बाबा गेले त्या पावसाळ्यात मला गाणी ऐकवत नव्हती. शब्द आले की ते दुःख त्या गाण्यातल्या माणसाचं होऊन जायचं. एडाच्या गळ्यात इथे एकही शब्द नाही. रात्री सगळे झोपले की मी हेडफोन लावून हीच धून ऐकायचो. तिच्यात माझ्या बाबांना जागा होती.

माउथ ऑर्गनची गोष्ट निराळी. आपल्या कानात तो 'शोले'तला: पायरीवर बसलेला जय, दिवे मालवणारी राधा, आणि भानू गुप्तांनी वाजवलेले ते हळवे सूर. या सिनेमातला चार्ल्स ब्रॉन्सनचा माउथ ऑर्गन मात्र कण्हतो. फ्रांको दे जेमिनीनं वाजवलेल्या त्या सुरांना मी बराच वेळ नुसती धून समजून ऐकत होतो. मग शेवटाकडे उलगडा होतो: गळ्यात फास अडकवलेला थोरला भाऊ धाकट्याच्या, म्हणजे लहानपणीच्या ब्रॉन्सनच्या, खांद्यावर उभा आहे, आणि मारेकरी त्या पोराच्या तोंडात माउथ ऑर्गन कोंबतो.

नंतर मी घरातला माउथ ऑर्गन त्या पोरासारखा, हात न लावता, दातांत धरून पाहिला. त्याच्या पट्ट्या हवा आत घेतानाही वाजतात, बाहेर सोडतानाही. वाजवायचं नाही म्हटलं तरी श्वास ऐकू येतोच.

सिनेमा पुन्हा लावला. सुरुवातीला कितीतरी वेळ संगीत नाहीच. पवनचक्कीची करकर, टोपीवर ठिबकणारं पाणी, एक माशी. गाडी निघून जाते आणि तेच कण्हणारे सूर येतात. भावाभावांची सगळी हकीकत मोरिकोनेनं तिथेच, पहिल्या प्रसंगातच, सांगून टाकलेली होती.