एका स्वराचा भार

पवित्र गुरुवारी थांबलेल्या घंटा ईस्टरच्या जागरणविधीत ग्लोरियाबरोबर पुन्हा निनादतात. नागपुरातील आमच्या चर्चमध्ये त्या क्षणी फ्रेंच हॉर्नचा पहिला ठाशीव स्वर आमच्याकडे होता. आणि तो फुटला.

दोष वाद्याचा नव्हता. सुमारे १२ फुटांची ती वेटोळी पितळी नळी; वरच्या पट्टीत तिचे नैसर्गिक स्वर इतके लगटून असतात, की ओठ तिळभर जास्त आवळले तरी शेजारचा स्वर निघतो. आणि आम्ही तर स्वरलिपीत आघाताची खूण दिसली की जिभेने घावच घालीत असू!

कामठीला ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचे केंद्र आहे. तेथील बँडमधून निवृत्त झालेले आमचे मास्तर रागावले नाहीत. म्हणाले, “अरे बाबा, जीभ नुसते दार उघडते, आत येतो तो श्वास. आणि आलेला जोर लगेच ओसरू दे.” मग महिनाभर जिभेला सुट्टी. केवळ ‘हा’ म्हणत पोटातून फुंकर घालायची आणि क्षणात ती हलकी करायची. शेजाऱ्यांनी ते कसे सोसले, देव जाणे.

पुढल्या ईस्टरला मास्तर डोळे मिटून बसले होते. आमचा स्वर लागला, तेव्हाही त्यांनी ते उघडले नाहीत.