पत्रिकेतली सही

मागच्या हिवाळ्यात आमच्या पेंटरचाचांचं चित्रप्रदर्शन भरलं. पत्रिका, वर्तमानपत्राची बातमी आणि बॅनर ही कामं माझ्या गळ्यात आली. कारण सरळ होतं. उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवणारी बाई ओळखीत मीच एक. चाचांच्या हाताखाली शिकलेली दोन-तीन मुलं घरी आली, म्हणाली, "टीचर, मजकूर तुम्ही करा. हॉल आणि चहा आम्ही बघतो."

चाचांनी चाळीस वर्षं पाट्या रंगवल्या. सोलापुरात पाट्या रंगवायच्या तर एका भाषेवर भागत नाही. बाजारात मराठी, पूर्व भागात तेलुगू, अक्कलकोटकडच्या गिऱ्हाइकाला कन्नड, विजापूर वेशीत उर्दू. चाचांना तेलुगू वाचता येत नाही, पण लिहिता येतं. नमुना समोर ठेवला की ब्रश चालू. मग फ्लेक्स आले. ज्या पाटीला चाचांना दोन दिवस लागायचे, ती अर्ध्या तासात मशीनमधून बाहेर पडू लागली, तीही मालकाच्या फोटोसकट. काम बंद पडल्यावर चाचांनी उरलेल्या रंगांत, जुन्या पत्र्यांवर आणि प्लायवर चित्रं काढायला सुरुवात केली. यंत्रमागावर तुटलेलं सूत जोडणारे हात, गड्ड्याच्या जत्रेतले नंदीध्वज, मोहरमचे पंजे, वारीतला एक थकलेला बैल. ती चित्रं बरीच वर्षं पलंगाखाली होती.

पहिला वाद एका शब्दावरून झाला. मी मजकुरात 'ज्येष्ठ चित्रकार' लिहिलं. चाचांनी ते खोडायला लावलं. "पेंटर लिखो." मला ते कमीपणाचं वाटत होतं. मग आठवलं, कोल्हापूरचे बाबूराव मेस्त्री हा शब्द आडनावासारखा लावत, आणि अख्खा महाराष्ट्र त्यांना बाबूराव पेंटर म्हणूनच ओळखतो. पेंटर कायम राहिला.

दुसरा वाद उर्दूचा, आणि तिथे मी शेपूट घातली. पत्रिकेवर वर मराठी आणि खाली उर्दूची एक ओळ, असं मी ठरवलं होतं. आयोजकांपैकी एकजण, आमच्यातलाच, हळूच म्हणाला, "टीचर, उर्दू कशाला? लोकांना वाटेल आपल्या समाजाचा कार्यक्रम आहे. बाकीचे येणार नाहीत." त्यात द्वेष नव्हता, काळजी होती. म्हणून तर उत्तर देणं अवघड गेलं.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये मी वर्गात एक बातमी वाचून दाखवली होती. अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगरपरिषदेच्या पाटीवर मराठीखाली उर्दू होती. ती काढा म्हणून वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि 15 एप्रिल 2025 रोजी न्यायालयाने पाटी कायम ठेवली. भाषा म्हणजे धर्म नव्हे, असं न्यायमूर्ती सुधांशु धुलिया यांनी निकालपत्रात स्पष्ट केलं. मुलांना मी हे मोठ्या तोऱ्यात समजावलं होतं. आणि इथे पत्रिकेतली एक ओळ मला राखता येईना.

वर मला एक आयतं निमित्त मिळालं. डीटीपीवाल्या मुलाकडे मराठीचे भरपूर फॉन्ट होते, उर्दूचा एकही नव्हता. माझ्या मोबाइलवरून पाठवलेली ओळ त्याने कोरल ड्रॉमध्ये टाकली, तर अक्षरं सुटी सुटी झाली आणि उलट्या क्रमाने उभी राहिली, कवायतीत चुकलेल्या मुलांसारखी. नस्तालीकचं असंच आहे. प्रत्येक अक्षर शेजारी पाहून रूप बदलतं, शब्द वरून खाली तिरका उतरतो. नूरी नस्तालीक हा संगणकाचा फॉन्ट 1981 मध्ये आला, तेव्हा त्यासाठी हजारो जोडरूपं आधी हाताने लिहून घ्यावी लागली होती. "मॅडम, हे बसत नाही," मुलगा म्हणाला. मी म्हटलं, "राहू दे." खरं तर शाळेच्या प्रश्नपत्रिका मी इनपेजमध्येच करते. तिथे ओळ टाइप करून, तिचं चित्र करून त्याला देणं दहा मिनिटांचं काम होतं. मी दिलं नाही.

पत्रिकेवर सूत जोडणाऱ्या हातांचं चित्र घेतलं. तारीख-वेळेच्या चौकटीला जागा हवी होती म्हणून उजवीकडचा खालचा कोपरा कापला. दोनशे प्रती छापून आल्या. एक चाचांना द्यायला गेले. त्यांनी चष्मा लावून ती लांब धरली, मग जवळ धरली. मराठी मजकूर वाचला, मान हलवली. उर्दूबद्दल एक शब्द नाही. मग बोट त्या कोपऱ्यावर ठेवून म्हणाले, "सही किदर गई, टीचर?"

चाचा सही उर्दूत करतात. गिऱ्हाइकांच्या चार भाषा लिहून झाल्यावर त्यांची स्वतःची म्हणून उरलेली तेवढीच. मी चौकटीचं कारण सांगायला लागले आणि मध्येच थांबले. त्यांच्या भिंतीवर हुसेन यांचा वर्तमानपत्रातून कापलेला फोटो आहे. मकबूल फिदा हुसेन आमच्याच जिल्ह्यातले, पंढरपूरला 1915 मध्ये जन्मलेले, आणि मुंबईत सिनेमाची होर्डिंगं रंगवत वर आलेले. चाचांच्या लेखी ते आधी पेंटर. त्यांची सही कधी देवनागरीत असे, कधी उर्दूत. त्या फोटोकडे बघायचं मी टाळलं.

पुन्हा छापायला पैसे नव्हते. घरी येऊन मी बोरू शोधला, टोक तिरकं कापलं, शाई काढली. बी.एड.ला फलकलेखनाचे गुण मिळवलेला हात, पण पत्रिकेच्या खालच्या रिकाम्या पट्टीत उर्दू ओळ लिहायला घेतली तर पहिल्या दहा प्रती वाया गेल्या. दुसऱ्या दिवशी गठ्ठा घेऊन चाचांकडेच गेले. नस्तालीकमध्ये अक्षराची उंची नुक्त्यांनी मोजतात. ते माझा अलिफ मोजून म्हणायचे, "ये तो भुक्का है," म्हणजे उपाशी. दुपारभर आम्ही दोघांनी मिळून एकशे नव्वद पत्रिका लिहिल्या. प्रत्येक पत्रिकेच्या कोपऱ्यात सही त्यांनी स्वतः केली. ज्याने उर्दू नको म्हटलं होतं, तोच संध्याकाळी त्या वाटायला घेऊन गेला. काही बोलला नाही. मीही नाही.

बातमी पाठवताना मात्र शहाणपणा केला. दीडशे शब्द, पहिल्याच वाक्यात कोण, कुठे, कधी, आणि सोबत न कापलेला फोटो.

बॅनरसाठी फ्लेक्सचा दर काढला होता. चाचांनी तो कागद घडी करून खिडकीच्या फटीत खोचला आणि मांजरपाट आणायला सांगितलं. दहा फुटी कापडावर त्यांनी स्वतःच्या नावाची पहिली पाटी रंगवली, मराठी, उर्दू, तेलुगू आणि कन्नडमध्ये.

पत्रिकेत मी 'सायंकाळी ठीक 5 वाजता' असं लिहिलं होतं. पावणेपाचला पूर्व भागातले एक म्हातारे विणकर आले, बॅनरसमोर उभे राहिले आणि तेलुगूतल्या एका अक्षरावर काठी टेकवून म्हणाले, हे चुकलंय. चाचांनी पाहुण्यांना बसायला सांगितलं, स्टूल मागवलं आणि पांढरा रंग कुठे ठेवलाय म्हणून विचारलं. उद्घाटन साडेपाचला झालं.