फॉन्ट भाड्याने घ्यावा, पण पारखून

एखाद्या दिवाळी अंकासाठी चांगला देवनागरी फॉन्ट कायमचा विकत घेणे छोट्या संपादकाला परवडत नाही. मग कुठून तरी ‘मिळवलेली’ फाइल वापरली जाते आणि ज्याने शेकडो जोडाक्षरे एकेक करून रेखाटली, त्याच्या हाती काहीच पडत नाही. महिन्याच्या भाड्याने फॉन्ट घेण्याची सोय मला म्हणूनच न्याय्य वाटते. कामापुरते पैसे द्यावेत, काम संपले की थांबावे.

मात्र भाडे भरण्याआधी चाचणीचा मजकूर मराठीच हवा. ‘वाऱ्यावर’, ‘शल्य’, ‘कुऱ्हाड’ हे शब्द लावून बघावेत. ऱ्य, ऱ्ह यांतला अर्धा र नीट जुळतो का, पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श आहेत का, हे तिथेच कळते. पुष्कळ फॉन्टांत हिंदी वळण आधी दिसते. मराठी रूपे आत असतात, पण सॉफ्टवेअरमध्ये भाषा मराठी निवडल्यावरच उमटतात.

यावर कुणी म्हणेल, ‘एक टाइप’ या फॉन्टनिर्मात्या संस्थेचे ‘मुक्त’, ‘बलू’ हे फॉन्ट फुकट असताना भाडे कशाला? रोजच्या मजकुराला ते उत्तमच आहेत, आणि खुल्या परवान्यामुळे निर्धास्तपणे वापरता येतात. पण प्रत्येक मुखपृष्ठ त्याच दोन-तीन वळणांत का दिसावे? दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: भाडे थांबले की जुनी फाइल दुरुस्त करता येत नाही. छापलेला अंक आणि फॉन्ट अंतर्भूत केलेली पीडीएफ शाबूत राहते, नवी आवृत्ती मात्र अडते. म्हणून संस्थेच्या बोधचिन्हासाठी किंवा वर्षानुवर्षे चालणाऱ्या मासिकासाठी फॉन्ट विकतच घ्यावा.