देवगिरीचे नगारे आणि जोडीचे कण

छत्रपती संभाजीनगरहून वेरूळला निघालेली मंडळी वाटेत दौलताबादला थांबतात, अंधारीत मुलांचे हात घट्ट धरतात आणि बारादरीत पोचली की दम खात बसतात. तिथून एकदा उत्तरेकडे अवश्य पाहावे. दिल्ली सरळ रेषेत सुमारे हजार किलोमीटर! १३२७ च्या सुमारास महंमद तुघलकाने या गडाला राजधानी केले आणि दोन राजधान्यांचा संसार सुरू झाला. (दोन बिऱ्हाडे चालवणाराच त्यातले हाल जाणे!)

दमास्कसचा अल्-उमरी हा त्याच शतकातला ग्रंथकार ऐकीव माहितीवरून लिहितो, की या दोन शहरांमधल्या प्रत्येक टप्प्यावर नगारे ठेवले होते. एका शहराची वेस उघडली की नगारा झडे, पुढचा त्याला साद देई, आणि खबर दुसऱ्या टोकाला पोचे.

आता विज्ञान म्हणते, एकत्र जन्मलेले दोन कण कितीही दूर नेले तरी त्यांची मोजमापे विलक्षण मेळ राखतात. हीच क्वांटम एंटॅन्गलमेंट, कणांची गुंतवण. मग नगारे हवेत कशाला? वाचकहो, थांबा! या कणांतून निरोप धाडता येत नाही. कण मोजला की उत्तर येते छापाकाट्यासारखे. त्यात आपल्या मनातले अक्षर घालता येत नाही.

तरी उपयोग आहे. समजा, दिल्लीच्या आणि देवगिरीच्या दारवानांना एकाच क्षणी एकेक चिठ्ठी मिळाली, लाल किंवा पांढरी, दोन्हींचा संभव सारखा. एकमेकांना न विचारता त्यांनी तत्काळ दार उघडायचे वा लावायचे. दोघांची कृती सारखी हवी. दोघांनाही लाल आली तर मात्र उलट हवी. आधी कितीही खलबते करा, शंभरात सरासरी ७५ डाव जिंकाल, अधिक नाही. दार नेहमी उघडेच ठेवण्याचा सोपा बेतही तेवढेच देतो! पण दोघांजवळ गुंतलेल्या कणांच्या जोड्या असल्या आणि चिठ्ठीच्या रंगाप्रमाणे मोजण्याचा कोन बदलला, तर डाव साधतात सुमारे ८५. इकडून तिकडे शब्दही गेलेला नसतो.

या मेळावरच्या प्रयोगांना २०२२ चे नोबेल मिळाले. त्याआधी २०१७ साली चीनच्या उपग्रहाने १२०० किलोमीटरवरच्या दोन ठाण्यांना असे जोडीदार कण पाठवले होते. उपग्रह सेकंदाला लाखो जोड्या सोडी. खाली धड पोचे सरासरी एक. आपले नगारेच बरे, असे तुघलक म्हणाला असता.